रेझोनन्स ट्यूबचं उत्तर 330 आलं तर थांबा

नागपुरात बारावीचं किंवा बीएस्सी पहिल्या वर्षाचं रेझोनन्स ट्यूबचं, म्हणजे पाण्याची पातळी हलवून आतला हवेचा स्तंभ घुमवायच्या नळीचं, प्रॅक्टिकल करताना ध्वनीचा वेग 330 मीटर प्रति सेकंद आला, की मुलं निर्धास्त होतात. पुस्तकात 332 असतो ना! पण तो शून्य अंश सेल्सिअसचा. लॅबमध्ये 30 अंश असताना 330 आला, तर कुठेतरी चुकलंय हे नक्की.

आधी एवढं पक्कं करा. वारंवारता आवाज करणारी वस्तू ठरवते, वेग माध्यम ठरवतं, आणि वेगाला वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मिळते. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटल्यावर एकच सूर देणारा दोन भुजांचा धातूचा काटा, जोरात आपटला की आयाम (कंपनाचा विस्तार) वाढतो, आवाज मोठा होतो. वेग तोच राहतो. हवेत शून्य अंशाचा वेग 331 धरून (पुस्तकातला 332 जवळपास तोच) त्यात दर अंशामागे 0.6 मिळवायचे: 30 अंशांना 349, मे महिन्यातल्या 45 अंशांना 358. दाबाने फरक पडत नाही, कारण तापमान तेच असेल तर दाबाबरोबर घनताही त्याच प्रमाणात उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर आहे, मग दुरुस्ती हवी का, असं व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं तर सरळ 'नाही' म्हणा.

आता नळीकडे. समजा फोर्क 512 हर्ट्झचा आणि नळीचा आतला व्यास 3 सेंमी आहे. फोर्क रबर पॅडवरच मारा. टेबलाच्या कडेवर मारलात तर चिरका वरचा सूर मिसळतो आणि भुजांना टोचे पडतात. नळीच्या तोंडावर साधारण सेंटीमीटरभर अंतर ठेवून तो आडवा धरा, दोन्ही भुजा एकीखाली एक. काच लागली की कंपन मेलं. दांडा बोटांत 45 अंश फिरला, तर दोन भुजांच्या लाटा एकमेकींना खोडतात आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कानाजवळ फोर्क फिरवून पाहा, एका फेरीत चार वेळा आवाज विरतो. अनुनाद, म्हणजे नळी घुमण्याची जागा, सापडतच नाही अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं.

पाणी काठापर्यंत आणून हळूहळू उतरवा. 16 सेंमीच्या सुमाराला नळी एकदम घुमते. थोडं पुढे जाऊन पाणी परत वर आणा, पुन्हा वाचन घ्या, आणि दोन्हींची सरासरी काढा. डोळा पाण्याच्या पातळीत हवा. 1 मिलिमीटर चुकला तर पहिल्या अनुनादावरून काढलेला वेग 2 मीटरने हलतो.

30 अंशांना पहिली लांबी 16.1 सेंमी येते. पहिल्या अनुनादाला स्तंभ पाव तरंगलांबीचा असतो म्हणून नुसतं 4 × 512 × 0.161 केलं की 330, तोच फसवा आकडा! हवेचा स्तंभ तोंडापाशी संपत नाही, तो व्यासाच्या 0.3 पट, म्हणजे इथे 0.9 सेंमी बाहेर डोकावतो. तो धरला की 17 सेंमी होतात आणि वेग 348 येतो. त्याहून चांगलं म्हणजे दुसरा अनुनाद 50.2 सेंमीला शोधा आणि वजाबाकी करा. दोन अनुनादांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणून 2 × 512 × 0.341, म्हणजे 349. टोकाची दुरुस्ती आपोआप कटते. दुसरी लांबी पहिलीच्या बरोबर तिप्पट आली, तर मात्र वाचन पुन्हा घ्या. ती तिपटीहून पावणेदोन-दोन सेंमी जास्तच यायला हवी.

मार्चनंतर लॅबमध्ये कूलर सुरू असतो. त्याच्या घरघरीत दुसरा, मंद अनुनाद ऐकूच येत नाही, आणि कूलरच्या झोतातलं तापमान भिंतीवरच्या थर्मामीटरशी जुळत नाही. वाचनापुरता तो बंद ठेवा आणि थर्मामीटर नळीच्या तोंडाशी धरा. पाण्यावरची दमट हवा वेग किंचित वाढवते, त्यामुळे 349 च्या जागी 350 आला तर खाडाखोड करू नका.