इंदूरहून काश्मीरला निघताना: सिम, रस्ता आणि नाके

काश्मीरला जाताना सुरक्षेची जी तयारी आपल्या हातात असते, ती जवळजवळ सगळी इंदूरमध्येच करावी लागते. तिकीट, पैसे आणि हॉटेलचा पत्ता हे सगळं फोनमध्ये आणि तोच फोन श्रीनगरला बंद, अशी वेळ आली तर तिथे उभं राहून फारसं काही करता येत नाही.

म्हणून सुरुवात सिमकार्डापासून. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, रिचार्ज कितीही मोठा असो. पोस्टपेड चालतं. नंबर तोच ठेवून पोस्टपेड करून घेता येतं. ते निदान आठवडाभर आधी उरका आणि एक फोन लावून, एक एसएमएस पाठवून तपासा. परत आल्यावर लगेच प्रीपेड करून मिळत नाही, हेही धरून चाला. मंडळाची दहा-बारा जणांची सहल असेल तर किमान तीन पोस्टपेड हवेत, आणि ते दोन वेगळ्या कंपन्यांचे. बहुतेक जण एवढाच विचार करतात की फोन लागणार नाही. पण बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो. हॉटेलच्या वायफायवर यूपीआय उघडेल. मात्र ॲपने पुन्हा पडताळणी मागितली की त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि तिथेच सगळं अडतं. दोन दिवसांच्या गाडी-मुक्काम-जेवणाचा खर्च रोख ठेवा, आणि तो एकाच पाकिटात नको.

इंटरनेट आदेशाने बंद होतं तेव्हा बऱ्याचदा फक्त मोबाइल डेटा जातो. कॉल आणि एसएमएस चालू राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र लँडलाइनसुद्धा बंद होते, आणि ४जी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तेव्हा तिकिटं छापून घ्या, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, मूळ आधार कार्डाबरोबर दुसरं फोटो ओळखपत्रही घ्या. घरच्या एका जबाबदार माणसाकडे कागदावर यादी द्या: सगळ्यांची नावं, रक्तगट, चालू औषधं, प्रत्येक हॉटेलचा लँडलाइन. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्या माणसाला एक एसएमएस: मुक्कामाचं गाव, गाडीचा नंबर, उद्याचा मार्ग. एखादा दिवस निरोप आला नाही, तर त्याने आधी हॉटेलला फोन करायचा; कुटुंबाच्या ग्रूपवर घबराट पसरवायची नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. त्यात पर्यटकांबरोबर एक स्थानिक घोडेवालाही होता. बैसरनला मोटारीचा रस्ता नाही, पायी किंवा घोड्यावरून जावं लागतं. हल्ल्यानंतर आठवडाभरात खोऱ्यातली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने काही उघडली. म्हणून टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमावर विसंबू नका. प्रत्येक ठिकाण आज उघडं आहे का, हे आदल्या रात्री विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे निवडून आलेलं सरकार असलं, तरी केंद्रशासित प्रदेश असल्याने पोलीस नायब राज्यपालांच्या अखत्यारीत आहेत. सुरक्षेबाबत त्यांच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या घोषणा बघा. ड्रायव्हर “आज तिकडे नको” म्हणाला तर वाद घालू नका. पैसे गेले तरी चालतील.

मालवा एक्स्प्रेस इंदूरहून थेट कटऱ्याला जाते. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू असल्याने रामबन-बनिहालचा दरडींचा टप्पा टाळता येतो. रस्त्यानेच जायचं असेल तर वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना पाहून निघा. कधी वाहतूक एकतर्फीच सोडतात. तासन्‌तास अडकायची तयारी हवी: पाणी, औषधं, आणि शेव-परमल असतंच आपल्याकडे. लष्करी ताफा आला की गाडी कडेला. ओव्हरटेक नाही, व्हिडिओ तर नाहीच. नाक्यावर रात्री गाडीतला दिवा लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे, आणि बोलायचं ते ड्रायव्हरने.

श्रीनगर विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. टर्मिनलच्या बऱ्याच आधी गेटवर सगळ्यांना उतरवून सामान तपासतात, म्हणून तीन तास आधी पोचा. ड्रोन घरीच ठेवा. परदेशातून आलेला भाचा बरोबर असेल तर त्याच्याकडे सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नाही ना, हे विचारा. विनापरवाना असं यंत्र सापडलं तर अटक होऊ शकते.

परतीत दोन दिवस मोकळे ठेवा. मे २०२५ मध्ये श्रीनगरसह ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. अशा वेळी विमान कंपनीने उड्डाण नक्की केल्याशिवाय हॉटेल सोडू नका. तातडीच्या मदतीला ११२. आणि प्रवासविम्यात दहशतवादी घटनेबद्दल काय लिहिलंय, ते पैसे भरण्याआधी वाचून घ्या.