गतिमंद मूल वयात येताना घरी काय शिकवायचं, कसं शिकवायचं

"तिला काय कळतंय, लहानच आहे अजून" म्हणत बरीच घरं थांबून राहतात आणि एक दिवस शाळेत फ्रॉकला डाग पडतो. बुद्धीची वाढ मंद असली तरी बहुतेक मुलांचं शरीर इतरांच्याच वयात बदलतं. शिकायला मात्र त्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच सुरुवात करा.

पहिला धडा अंघोळीचा. साबण लावताना पोट, मांडी म्हणतो तसंच शिश्न, योनी, छातीही म्हणा. घरातलं लाडाचं नाव असू द्या, पण खरा शब्दही यायला हवा. "चिमणी दुखते" म्हटलेलं डॉक्टरला कळणार कसं? हात लावण्याआधी "इथे साबण लावू?" असं विचारा, आणि मूल नको म्हणालं तर स्पंज त्याच्याच हातात द्या. घरात आणि शाळेत या मुलांना आपण दिवसभर फक्त ऐकायला शिकवतो. नकार द्यायची सवय नसलेलं मूल परक्याला नकार देईल कुठून?

पाळीची तयारी पाळी येण्याआधी. चड्डीच्या आत मार्करने पॅडचा आकार काढून ठेवा, म्हणजे कुठे चिकटवायचं ते दिसतं. पॅडवर कुंकवाचं पाणी टाकून दाखवा, "असं लाल येणार, लागलेलं नाही" हे सांगा. आठवड्यातून एकदा अर्धा तास कोरडा पॅड लावून वावरू द्या. शिकवताना शेवटची पायरी आधी घ्या: बाकी सगळं तुम्ही करा, हात तिने धुवायचे. ते जमलं की चड्डी वर ओढणं तिचं, मग वापरलेला पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकणं. काम दरवेळी तिच्या हातून पूर्ण होतं, त्यामुळे ती कंटाळत नाही. पायऱ्यांची चित्रं बाथरूमच्या दारामागे लावा.

मुलगा चारचौघांत चड्डीत हात घालतो तेव्हा मार देऊन काही साधत नाही. आधी खाज, पुरळ, घट्ट कपडे तपासा. तसं काही नसेल तर शांतपणे एकच वाक्य: "हे बाथरूममध्ये, कडी लावून." एका खोलीच्या घरात खासगी जागा म्हणजे बाथरूमच, आणि त्याला तिथे थोडा वेळ मिळू द्या. झोपेत वीर्य येऊन चड्डी ओली होते हे वडिलांनी आधीच सांगून ठेवावं. हा विषय आईवर ढकलून वडील मोकळे होतात, ते बरं नाही.

"काकांना पापी दे" हे आजच बंद करा. आठव्या वर्षी गोड वाटणारी मिठी अठराव्या वर्षी त्याच मुलाला अडचणीत आणते. पाहुण्यांना नमस्कार, मिठी फक्त घरच्यांना, आणि तीही विचारून. शाळेच्या बाई आणि व्हॅनचे काका यांनाही हाच नियम सांगा.

मूल अचानक व्हॅनमध्ये बसेना, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर हट्ट समजून सोडून देऊ नका, कुणी अत्याचार केलेला असू शकतो. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा (२०१२) १८ वर्षांखालच्यांसाठी आहे आणि वय जन्मतारखेनेच मोजायचं, मानसिक वयाने नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. मुलगी विशीची असली तरी तक्रार होतेच, फक्त कायद्याची कलमं वेगळी लागतात.

"गर्भाशयच काढून टाका" हा सल्ला आजही मिळतो. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या गतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा मोठा गदारोळ उठला होता. शस्त्रक्रियेने पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट गर्भ राहत नसल्याने तो दडून राहू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्या व्यक्तीच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही.

आणि "माझं लग्न कधी?" हा प्रश्न येणारच, भावाच्या साखरपुड्यात तर हमखास. "होईल हं" म्हणून वेळ मारून नेऊ नका. लग्नात काय काय सांभाळावं लागतं ते चित्रांतून दाखवा, आणि त्यातलं तुला काय हवंय, असं विचारा. पुष्कळदा उत्तर नवी साडी किंवा मैत्रीण असं येतं. कधी ते खरोखर जोडीदाराबद्दल असतं, आणि तेव्हा विषय बदलू नका.