युबिक्विटिनमध्ये कॅल्शियम कुठून आलं?

चिकोडी तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत ‘वस्तुमानकेंद्र’ होतं, म्हणजे वस्तू जिथं तोलली जाते तो बिंदू; पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर त्याचं ‘सेंटर ऑफ मास’ झालं. दोन्ही एकच, हे कळायला मला चाचणी परीक्षा नापास व्हावी लागली. आज्जाला मात्र दोन्ही शब्दांवाचून ते ठाऊक होतं. ऊस मागं जास्त भरला की गाडी उलाळते.

बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टला प्रोटीनचं वस्तुमानकेंद्र काढायचं काम आलं. सूत्र एवढंसं: प्रत्येक अणूचं वस्तुमान गुणिले त्याचा एक्स, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वस्तुमान. वाय आणि झेडचंही तसंच. सरावाला युबिक्विटिन हे छोटं प्रोटीन घेतलं, ७६ अमिनो आम्लांचं. पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या साठ्यातली त्याची फाइल १यूबीक्यू. पायथनच्या वीसेक ओळी झाल्या, उत्तर रेणूच्या बरोबर पोटात पडलं. मी खूश.

सिनिअर ताईनं विचारलं, “एकूण वस्तुमान किती आलं गं?”

१०,०६४. अख्खं युबिक्विटिन ८,५६५ डाल्टनच्या (अणू-रेणूंचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास भरतं. त्यात या फाइलीत हायड्रोजन नाहीत, म्हणजे ७,९३१ यायला हवं होतं. जादाचे २,१३३ कुठले? ७६ नं भागून पाहिलं तर २८.०७. कॅल्शियमच्या ४०.०७८ मधून कार्बनचे १२.०११ वजा करा, तेवढेच. फाइलीत अणूचं नाव ‘सीए’, म्हणजे अल्फा कार्बन, प्रत्येक अमिनो आम्लात एक. कॅल्शियमची खूणही सीएच, आणि माझी स्क्रिप्ट त्याला कॅल्शियम धरून बसली होती! हे कार्बन साखळीभर सारखे पसरलेले, त्यामुळं केंद्र फारसं हललं नाही नि चूक झाकून राहिली. मूलद्रव्य नावावरून ओळखू नका, फाइलीतल्या त्या अणूच्या ओळीच्या ७७-७८ व्या रकान्यातून (अक्षरांच्या जागांतून) घ्या. आणि एकूण वस्तुमान दरवेळी छापाच.

ओळ मोकळ्या जागांवर तोडायचा मोहही टाळा. पाणी वगैरे अणूंची ओळ ‘हेटॅटम’ शब्दानं सुरू होते; तिला दहा हजारावा क्रमांक आला की शब्द आणि क्रमांक चिकटतात आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. एक्स ३१ ते ३८, वाय ३९ ते ४६, झेड ४७ ते ५४. रकाने मोजूनच वाचा. एनएमआर या चुंबकीय तंत्रानं काढलेल्या रचनेच्या फाइलीत एकाच रेणूची वीस-वीस मॉडेलं असतात, त्यातलं एकच घ्या. पाण्याचं काय करायचं ते आधी ठरवा. १यूबीक्यूत ५८ पाणी आहेत, मी ती गाळते.

पायथनच्या लायब्ररी बायोपायथन आणि एमडीअ‍ॅनालिसिसमध्ये हे तयार मिळतं, रेणू पाहायच्या पायमॉल सॉफ्टवेअरमध्येही. वापरा, पण एकदा पाण्याचा एक रेणू हातानं सोडवा. ऑक्सिजन शून्यावर, बंध ०.९५७२ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग), कोन १०४.५२ अंश. वस्तुमानकेंद्र ऑक्सिजनपासून ०.०६६ वर येतं, नुसती सरासरी काढली तर ०.३९ वर. स्क्रिप्टनं ०.३९ दिलं, तर ती वस्तुमान वाचतच नाहीये.