परदेशी गेलेल्या वाफेच्या इंजिनाचा माग कसा काढावा

वाफेच्या इंजिनाचा शोध घेताना बहुतेक जण त्याच्यावर रंगवलेल्या क्रमांकापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. तो क्रमांक रेल्वेने दिलेला असतो. मालक किंवा देश बदलला की तोही बदलतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियात पाठवलेल्या सी-५६ वर्गाच्या ९० इंजिनांपैकी ३१ क्रमांकाचे इंजिन थायलंडमध्ये ७२५ झाले आणि १९७९ मध्ये मायदेशी परतल्यावर पुन्हा ३१ म्हणून उभे राहिले. दार्जिलिंगचे १९ क्रमांकाचे इंजिन तर भारतातच ७७८ झाले, १९६२ मध्ये अमेरिकेला गेले आणि सुमारे चाळीस वर्षांनी इंग्लंडात पोहोचले.

म्हणून निर्मात्याचा क्रमांक आधी मिळवावा. तो आणि बांधणीचे वर्ष कॅबच्या (चालकाच्या खोलीच्या) किंवा इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या धूरपेटीच्या बाजूला बसवलेल्या पितळी पाटीवर असते. पाटीवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासावी. रंगाचे थर चढल्यामुळे सारखेच दिसणारे इंग्रजी ३ आणि ८ कागदावर वेगळे उमटतात. मात्र चोर बाजारात सुटी मिळालेली पाटी म्हणजे इंजिन तगल्याचा पुरावा नव्हे, कारण इंजिन भंगारात तोडले तरी पाटी मागे राहते. बॉयलरवरही फार विसंबू नये, कारण दुरुस्तीच्या कारखान्यात एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर सर्रास चढवला जात असे. चाकांना जोडणाऱ्या रॉडवर ठोकलेले आकडे पाहावेत. ते एकमेकांशी जुळत नसतील, तर सुटे भाग त्याच वर्गाच्या भावंड इंजिनांकडून आलेले आहेत असे समजावे. माझ्या मते इंजिनाची ओळख त्याच्या चौकटीवरूनच, म्हणजे ज्यावर बॉयलर आणि चाके बसवतात त्या सांगाड्यावरूनच ठरवावी.

त्यानंतर गेज पाहावे, कारण इंजिन कुठे जाऊ शकले असते हे रुळांमधील अंतरच ठरवते. आपले १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज उपखंडाबाहेर मोजक्याच देशांत आहे. मँचेस्टरच्या संग्रहालयातील ३१५७ क्रमांकाचे इंजिन १९११ मध्ये अविभाजित भारतासाठी व्हल्कन फाउंड्रीने बांधले होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानकडे राहिले, आणि आज इंग्लंडात असूनही तिथल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवर ते चालू शकत नाही. मीटरगेजला वाव अधिक होता: पहिल्या महायुद्धात भारतातील मीटरगेजची इंजिने आणि रूळ मेसोपोटेमियात गेले, तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली ‘मॅकआर्थर’ इंजिने भारत, ब्रह्मदेश, मलाया अशा अनेक देशांत विखुरली. ६१० मिलिमीटरचे नॅरोगेज इंजिन सर्वांत सुखाने परदेशी नांदते, कारण तेवढ्याच रुंदीचे हौशी मार्ग इंग्लंडात अनेक आहेत.

कागदपत्रांसाठी मुंबईकराने काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात करावी. जुनी वृत्तपत्रे आणि अहवाल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात चाळावेत. निर्मात्यांच्या नोंदींसाठी परदेशी पत्रव्यवहार करावा लागतो: नॉर्थ ब्रिटिश कंपनीची कागदपत्रे ग्लासगो विद्यापीठात, बाल्डविनच्या मागणीवह्या अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठात, आणि भारतीय रेल्वेमार्गांचे जुने वार्षिक अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पत्रात निर्मात्याचा क्रमांक, वर्ष आणि गेज एवढेच लिहावे. तर्क लिहू नयेत.

सरावासाठी माथेरानचे इंजिन घ्यावे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेल्या आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने चार इंजिने पुरवली; त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडात लेटन बझर्डच्या मार्गावर पोहोचले. तीव्र वळणांवर चाके अडकू नयेत म्हणून त्यांच्या टोकांच्या धुऱ्यांभोवती पोकळ नळी असून, चाके बसवलेली ती नळी वळणाबरोबर किंचित सरकते. नेरळला एक भावंड उभे आहे. ७४० चे छायाचित्र सोबत न्यावे आणि आधी पाटी, मग चौकट, शेवटी चाके या क्रमाने दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.