आडतीच्या डेटाबेसमध्ये प्रायमरी की आणि इंडेक्स कसे ठरवायचे

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी मी हिशेबाचं सॉफ्टवेअर करते. तिथलंच उदाहरण घेऊ.

शेतकऱ्याच्या टेबलात मोबाइल नंबरला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, करू नका. एकाच नंबरावर बाप-लेक दोघांचा माल येतो, आणि नंबर बदलतातही. आपोआप वाढणारा साधा पूर्णांक घ्या. मोबाइलवर वेगळा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, टाका; पण युनिक, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देणारा, नको. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण इंजिनात ओळी प्रायमरी कीच्या क्रमानंच साठवल्या जातात, आणि प्रत्येक जादा इंडेक्समध्ये त्या कीची प्रत जाते. की लांबलचक असली की सगळेच इंडेक्स फुगतात.

दुकानात सारखी मागणी एकच: 'या शेतकऱ्याच्या ऑक्टोबरच्या पट्ट्या काढ.' म्हणून पट्टीच्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या, टेबलात शेतकरी क्रमांक आणि तारीख असा जोड इंडेक्स करा, याच क्रमानं. नुसत्या शेतकऱ्याच्या शोधालाही तो चालतो. नुसत्या तारखेसाठी मात्र वेगळा लागतो. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, अट लिहिताना तारखेवर महिना काढायचं फंक्शन लावू नका. '१ ऑक्टोबरपासून, १ नोव्हेंबरच्या आधी' अशी अट द्या. नाहीतर इंडेक्समधली तारीख असून नसल्यासारखी.

सोयाबीन, तूर, हरभरा अशी मोजकीच मूल्यं असलेल्या कॉलमवर एकटा इंडेक्स सहसा वायाच जातो. आणि प्रत्येक इंडेक्स नवी नोंद घालताना सांभाळावा लागतो. भर हंगामात काट्यापाशी शेतकरी खोळंबलेला असतो, हे विसरू नका.

शंका आली तर क्वेरीपुढे एक्सप्लेन (EXPLAIN) हा शब्द लावून चालवा; ती कशी चालणार ते दिसतं. टाइपच्या रकान्यात 'ऑल' आलं, म्हणजे अख्खं टेबल वाचलं जातंय.