साठीनंतर घरचा धंदा सुरू करताय? आधी एका घाण्याचा हिशोब करा

पन्नाशी-साठीत स्वतःचं छोटंसं काहीतरी सुरू करायचंय असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांच्यासाठी हे. उदाहरण थालीपिठाच्या भाजणीचं घेतेय कारण त्यातलं मला नीट कळतं, तुमचं लोणचं असेल, शिवणकाम असेल, गणिताच्या शिकवण्या असतील तरी हिशोब साधारण असाच.

सगळ्यात आधी पैशाचं बोलू. पीएफ ग्रॅच्युइटी हातात आली की लोकांना एकदम दुकान दिसायला लागतं, गाळा, डिपॉझिट, फर्निचर, फ्रँचायझी... नको. या वयात बुडालेलं परत कमवायला वेळ नसतो हो. त्यातला मोठा हिस्सा आधी सुरक्षित ठेवा, पोस्टातली सिनियर सिटीझन स्कीम आहेच, ६० पूर्ण झालं की ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला येतं. घरखर्च त्यावर आणि पेन्शनवर चालला पाहिजे, धंद्यावर नाही. धंद्याला तेवढीच रक्कम काढा जी गेली तरी झोप उडणार नाही. कर्ज काढायचंच असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, पण घरातून सुरू करणाऱ्याला खरंतर तेवढंही लागत नाही. सबसिडी बघत असाल तर वयाची अट आधी वाचा, महाराष्ट्राच्या सीएमईजीपीला (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) सर्वसाधारण गटात ४५ ची मर्यादा होती, आता काय आहे ते विचारून घ्या, केंद्राच्या पीएमईजीपीला (पंतप्रधानांच्या नावाचा तसाच कार्यक्रम) वरची मर्यादा नाही.

आता हिशोब. लोक काय करतात, धान्याचा भाव बघतात त्यात थोडे मिळवतात आणि दर सांगून टाकतात. तसं नाही चालत. समजा एका घाण्याला १० किलो धान्य घेतलं, तांदूळ बाजरी ज्वारी हरभराडाळ उडीद धणे सगळं मिळून सरासरी ६० रुपये किलोने, झाले ६००. गॅस १००, दळण १००, पिशव्या आणि लेबल १३०. आणि निवडणं, प्रत्येक धान्य वेगळं मंद आचेवर भाजणं, गार करणं, भरणं यात तुमचे पाच तास गेले, त्याचे तासाला १०० तरी धरा. एकूण १४३०. त्यात भाजण्यात आणि गिरणीत घट जाते, म्हणजे हातात नऊ किलो धरा. किलोला जवळजवळ १६० पडले, आणि यात नफा अजून शून्य आहे, फक्त तुमची मजुरी सुटली! म्हणजे २०० ते २२० च्या खाली विकायचं तर कशाला विकायचं. स्वतःची मजुरी न धरता स्वस्त देणाऱ्या बायका मी खूप बघते आणि मग गुडघे धरून बसतात, बाई लावायची वेळ आली की दर वाढवता येत नाही कारण गिऱ्हाईकाला सवय लागलेली असते. (आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा.)

कागदपत्रं वाटतात तेवढी अवघड नाहीत. खायचं काही विकणार तर एफएसएसएआयचं (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) रजिस्ट्रेशन घरून करत असलात तरी लागतं, ते ऑनलाइन होतं आणि १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. सोबत नाव पत्ता, वजन, किंमत, कधी बनवलं, कधीपर्यंत चालेल, काय काय घातलंय आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर होतं आणि पूर्णपणे फुकट आहे, सरकारी वाटणाऱ्या साइट त्याचे पैसे मागतात तिकडे जाऊ नका, शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. जीएसटीची चिंता एवढ्यात नको, राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, कमर्शियल कनेक्शन घ्यावं लागतं, म्हणून गॅसचा खर्च हिशोबात त्याच दराने धरा.

माल चांगला म्हणजे काय तर दर वेळी सारखा. वजन करूनच घ्या, अंदाजपंचे नको, हात कितीही बसलेला असू दे. भाजलेलं धान्य छापील पेपरवर पसरू नका, शाई लागते, सुती कापड घ्या. दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बंद केली तर आत ओल धरते आणि पीठ लवकर खराब होतं. आणि गिरणीवाल्याशी गोड राहा! उपवासाची भाजणी गव्हावर दळली गेली तर गिऱ्हाईकाचा उपवास मोडला आणि तुमचं नाव गेलं, त्यामुळे आधी फोन करून विचारायचं, दगड पुसून आधी थोडी वरी किंवा साबुदाणा दळून बाजूला काढायला सांगायचं मग आपलं घालायचं. एवढं करूनच पाकिटावर उपवासाची लिहा, नाहीतर लिहूच नका.

गिऱ्हाईक आधी ओळखीतलंच मिळतं, सोसायटीचा ग्रुप, जुनं ऑफिस, भिशी. चाखायला छोटी पुडी फुकट द्या, किलो फुकट नको. उधारी तर अजिबातच नको, क्यूआर कोड दाराशी लावून ठेवा. मुलं म्हणतील आई इन्स्टावर टाक, टाका की, पण कुरिअर सुरू झालं की पॅकिंगचा वेगळा व्याप लागतो तेव्हा आधी चालत जाऊन देता येईल तेवढंच.

आणि आठवड्याला किती किलो झेपतं ते ठरवा आणि त्यापेक्षा जास्त ऑर्डर घेऊ नका. दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीला सगळे एकदम जागे होतात, गिरणीतही रांग असते, म्हणून कोजागिरीला ऑर्डर बंद करा, त्यानंतर नणंदेचा फोन आला तरी.