चंद्रपूरचं ऊन, ठाण्याचा घाम आणि एडमंटनची थंडी: कुठे काय करायचं

मी मूळची चंद्रपूरची, लग्नानंतर सहा वर्षं ठाण्यात होते आणि आता नऊ वर्षं झाली कॅनडात एडमंटनला राहतेय. म्हणजे ४७ पण सोसलंय आणि उणे ४० पण. डिसेंबर आला की इकडे शिकायला येणाऱ्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई जानेवारीत येतोय काय काय आणू, आणि एप्रिल लागला की मीच रोज घरी फोन करून बाबांना विचारत असते, आज दुपारचे बाहेर पडला होतात का. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. थर्मामीटरचा आकडा बघून अंदाज बांधू नका, आपलं अंग तिथे उष्णता कशी बाहेर टाकतंय ते बघा. कोरड्या उन्हात घाम लगेच उडतो आणि अंग गार राहतं, पण पाणी आणि मीठ किती गेलं ते कळत नाही. दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता वाहतो, त्यामुळे आकडा कमी दिसला तरी त्रास जास्त. आणि थंडीत वारा आणि ओले कपडे मिळून अंगातली ऊब ओढून नेतात. त्यामुळे एका गावचा उपाय दुसऱ्या गावी उलटा पडतो. सुती कपडे चंद्रपूरला वाचवतात, एडमंटनला तेच अंगाशी धरले तर घामाने ओले होऊन गारठवतात.

कोरडं ऊन

विदर्भात मे महिन्यात, खास करून २५ तारखेनंतरच्या नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी अकरा ते चार बाहेर पडायचं नाही हा नियम आमच्याकडे कोणी शिकवावा लागत नाही. पडावंच लागलं तर डोकं, कान, मान सगळं दुपट्ट्याने गच्च बांधून, निघण्याआधी पोटात काहीतरी आणि ग्लासभर ताक किंवा पन्हं घेऊन. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, उघडे हात नकोत. खिशात कांदा ठेवायचा का असं खूप जण विचारतात. माझी आजी ठेवायची, ठेवा बिनधास्त, पण त्याच्या भरवशावर उन्हात फिरू नका, खरं काम पाणी, मीठ आणि सावली करते.

तीनचार तास घाम गाळणाऱ्याने नुसतं साधं पाणी ढोसत राहू नये, सोबत मीठ गेलं पाहिजे. ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा घ्या, आणि मीठ जास्त घालू नका, लहान मुलांना ते अजिबात सोसत नाही. ज्यांना बीपी, किडनी किंवा हार्टचा त्रास आहे किंवा लघवीची गोळी चालू आहे त्यांनी उन्हाळा लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं. लघवी गडद पिवळी होत असेल तर समजा पाणी कमी पडतंय.

आता कूलर. कूलर हे बंद खोलीत चालवायचं यंत्रच नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्यांतून, आत ओढतो, ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं, नाहीतर तासाभरात खोलीत ओल भरते आणि चिकचिक सुरू. ताट्या दरवर्षी बदला, जुन्या ताट्यांवर क्षार बसून पाणी नीट झिरपत नाही. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, पायात चप्पल घालायची आणि मगच हात लावायचा. पत्र्याच्या कूलरचा करंट लागून दर उन्हाळ्यात आमच्या भागात माणसं जातात, लहान पोरं जातात, घरात अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या.

कूलर नसेल तर गच्चीला पांढरा चुना लावा, स्वस्तातलं काम आहे आणि वरच्या मजल्याला लगेच फरक कळतो. दिवसा खिडक्या, पडदे बंद, सूर्य मावळला की सगळं उघडं. पारा चाळिशीच्या वर गेला की कोरडा पंखा नुसती गरम हवा अंगावर मारतो, तेव्हा ओला पंचा अंगावर घेऊन मग पंखा लावा.

ऊन लागणं आणि उष्माघात यातला फरक मी बाबांमुळे शिकले. मे महिना, दुपारी एकला ते एका कामासाठी रांगेत तासभर उभे राहून सायकलरिक्षाने घरी आले. थकलेत असं वाटलं, मग ते मला विचारायला लागले की अगं माझी हिरवी सायकल कोणी हलवली. ती सायकल विकून पंधरा वर्षं झाली होती. हात लावून बघितलं तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि कपाळ कोरडं. आई क्रोसिन शोधत होती, शेजारच्या काकूंनी तिला थांबवलं, म्हणाल्या ही तापाची गरमी नाही, पाणी आणा. बाबांचा शर्ट काढून त्यांना फरशीवर झोपवलं, ओली चादर टाकली, कूलर पूर्ण त्यांच्या अंगावर वळवला, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि तोवर मी १०८ लावला. अँब्युलन्स येईपर्यंत ते थोडं सरळ बोलायला लागले होते.

म्हणजे चक्कर, मळमळ, पायात गोळे येणं, खूप घाम इथपर्यंत सावली, पाणी, मीठ, आराम यावर माणूस सुधारतो. पण बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, झटका आला, शुद्ध हरपायला लागली की तो उष्माघात, घाम येत असला तरीही. अशा वेळी आधी अंग गार करायला लागा, गाडी येईपर्यंत थांबू नका. पॅरासिटामॉलने हे उतरत नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं.

दमट उन्हाळा

ठाण्याला गेले तेव्हा मला वाटलं होतं ३५ म्हणजे काय, आमच्याकडे ४५ असतं. पहिल्याच मेमध्ये लोकलमधून उतरून घरी चालत येताना जीव नकोसा झाला. कारण एकच, घाम सुकत नव्हता. हवामान खातं सुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० डिग्री आणि किनारपट्टीला ३७ अशी वेगळी पायरी धरतं ते उगाच नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी कार्यक्रम झाला आणि दहाहून जास्त माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. तो दिवस मला अजून आठवतो, कारण ती सगळी साधी, श्रद्धेने तासन्‌तास बसलेली माणसं होती आणि डोक्यावर सावली नव्हती.

तर कोकणात, मुंबईत, गोव्यात कूलर घेऊन पैसे घालवू नका, हवेत आधीच पाणी आहे, तो अजून ओल वाढवतो. इथे पंखा, आरपार वारा आणि जमलं तर एसी, आणि एसीला ड्राय मोड असतो तो वापरा, वीजही कमी लागते. दिवसातून दोनतीन वेळा अंघोळ करा. कामाची घाई कमी करा, जिना चढायचा तर मध्ये थांबा. दुबईला माझा चुलतभाऊ साईटवर आहे, तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते, आणि तो सांगतो की नवीन आलेला कामगार पहिल्याच आठवड्यात उन्हाने सगळ्यात जास्त आजारी पडतो, कारण अंगाला सवय व्हायला आठवडा दोन आठवडे लागतात. म्हणून सुट्टीवरून परत गेलेल्यांनी सुद्धा पहिले दिवस हळूच घ्यावेत.

थंड देशात ऊन नसतं असं समजून आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावणाऱ्यांसाठी पण एक गोष्ट. जून २०२१ च्या शेवटी कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिटन नावाच्या गावी ४९.६ डिग्री झालं होतं आणि त्या लाटेत त्या एका प्रांतात ६१९ माणसं गेली, जवळजवळ सगळी घरातच, बरीचशी म्हातारी आणि एकटी राहणारी. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली असतात, एसी सगळीकडे नसतो. त्या दिवसांत शेजारच्या एकट्या आजीआजोबांचं दार दिवसातून दोनदा वाजवा, नुसता फोन करून समाधान मानू नका, फोनवर सगळेच बरं आहे म्हणतात.

कडाक्याची थंडी

इथे एडमंटनला रोज सकाळी दोन आकडे बघायचे, तापमान आणि विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला प्रत्यक्ष जाणवणारी थंडी. निर्णय विंड चिलवर घ्यायचा. विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ला ५ ते १० मिनिटांत.

पहिल्या हिवाळ्यात मी बसस्टॉपवर दहाबारा मिनिटं उभी होते, गावाकडची लोकरी टोपी घातलेली जी कानाच्या वरच राहत होती, आणि कानात सोन्याच्या रिंगा. आधी कान झोंबले, मग झोंबायचे थांबले, मला वाटलं सवय झाली. ऑफिसात पोचल्यावर आरशात बघितलं तर कानाची पाळी मेणासारखी पांढरी आणि बोटाला कडक लागत होती. मी चोळायला हात नेला तर सोबतच्या बाईंनी हात धरला. गोठलेला भाग चोळायचा नाही, शेकोटी किंवा हीटरसमोर धरायचा नाही कारण तिथे संवेदना नसते आणि भाजलेलं कळत नाही. उबदार तळवा नुसता टेकवून ठेवायचा किंवा कोमट पाण्यात धरायचं, ३७ ते ३९ डिग्री, म्हणजे कोपराला सुखद लागेल एवढंच. ऊब परत येताना जी आग होते ती खूप असते, पण ते चांगलं लक्षण. फोड आले, किंवा भाग पांढरा, निळा आणि बधिरच राहिला तर दवाखाना. दुखायचं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं थंडीत कधीच समजू नका. आणि कडाक्याच्या दिवशी धातूची कानातली, चमकी घरी ठेवा, धातू कातडीतली ऊब पटकन ओढतो.

कपडे तीन थरांत. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारा जाड पार्का, म्हणजे टोपी जोडलेलं लांब जॅकेट. अंगालगत सुती बनियन नको. हातमोज्यांमध्ये पाच बोटांच्या ग्लव्हजपेक्षा मिटन उबदार, त्यात अंगठा सोडून चारही बोटं एकत्र राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. बूट एक नंबर मोठा, घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय अजून गारठतात. लहान मुलांना कार सीटमध्ये फुगीर जॅकेट घालून पट्टा लावू नका, अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा बांधा, मग वरून ब्लँकेट.

बर्फावर चालताना पावलं छोटी, पाय सपाट टेकवत, हात खिशातून बाहेर. पेट्रोल गाडीला पुढून जो प्लग लोंबत असतो तो ब्लॉक हीटरचा, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा, उणे १५ च्या खाली रात्री गाडी प्लगला लावा नाहीतर सकाळी सुरू व्हायला त्रास देते. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, खाऊ कायम. हायवेवर अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, पण त्याआधी उतरून सायलेन्सरच्या नळीवरचा बर्फ काढा आणि काच थोडी खाली ठेवा, नाहीतर धूर आत येतो.

त्या धुराबद्दल जरा जास्तच सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला वीज गेली तेव्हा लोकांनी घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या आणि कार्बन मोनॉक्साईडने कित्येक जण झोपेतच गेले. त्या वायूला वास नसतो. आपल्याकडेही थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं लावतात, कृपा करून फट ठेवा आणि शेगडी बाहेर काढूनच मग झोपा. इथे घरात त्याचा अलार्म असतोच, त्याची बॅटरी बघा.

१३ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी, बाहेर उणे ३५ च्या खाली असताना, आमच्या सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले, अल्बर्टाच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, ग्रीडवर (वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर) ताण आलाय, विजेचा वापर लगेच कमी करा. लोकांनी खरंच दिवे, ड्रायर बंद केले आणि काही मिनिटांत लोड उतरला. तेव्हापासून मी एका खोलीत जाड रजया, बॅटरीचे कंदील, तीन दिवसांचं न शिजवता खाता येईल असं खाणं आणि चार्ज केलेली पॉवरबँक ठेवते.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दोन्हीकडचं. विदर्भात लाईट गेली तर मातीच्या ओल्या भांड्यात, सावलीत, पिशवीत नीट बांधून. इथे जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ, गाडीत कधीच सोडू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी टाकून द्यायचं.

आणि जानेवारीत येणाऱ्यांनो, आपल्याकडचं महाग जाड जॅकेट घेऊन बॅगेचं वजन वाढवू नका, ते बहुतेक इथल्या थंडीला पुरत नाही, पार्का आणि बूट इथेच घ्या, जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगले मिळतात. तिकडून थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, व्हॅसलिन आणा. पण एअरपोर्टचं दार उघडल्यापासून गाडीत बसेपर्यंत लागेल एवढं, म्हणजे कान झाकणारी टोपी, हातमोजे, मफलर आणि स्वेटर, हे केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सूटकेसच्या तळाशी नाही.